मांडीखालचा हात

हनुमंत तीन विरुद्ध दोन मतांनी सभापती झाला.

हे वाक्य वाचलं असेल तर विसरून जावं. आनंदरावांच्या घरात ते अजून कुणी उच्चारलेलं नाही आणि बाळाबाईंसमोर तर उच्चारायचंच नाही असं ठरलंय. कुणी ठरवलं ते विचारू नये. तेव्हा काहीही झालेलं नाही. सकाळ आहे, पंचायत समितीची विशेष सभा दुपारी आहे, दोन्ही सुना स्वयंपाकघरात आहेत आणि बाळाबाईंचा उजवा हात वर आहे.

हात वर असण्याचा राजकारणाशी संबंध नव्हता. निदान बाळाबाईंना तसं वाटत होतं. पंचायत समितीच्या गणातून निवडून आल्या त्या संध्याकाळी कार्यकर्त्यांनी त्यांना मिरवणुकीत जेसीबीच्या बकेटात उभं केलं. गुलाल उधळायचा तर उंचावरून, असा आता रिवाजच पडून गेलाय. बकेट वर गेलं, बाळाबाई वर गेल्या. बकेट थांबलं, बाळाबाई थांबल्या नाहीत. खाली गुलालाच्या गोण्या होत्या म्हणून जीव वाचला, पण खांद्याचं हाड चिरलं. मग डॉक्टरनं कमरेपासून काखेपर्यंत एक सांगाडा बांधला, त्यावर हात आडवा टाकला, कोपरातून वर वळवला आणि तळवा समोर केला. देव्हाऱ्यातली मूर्ती आशीर्वाद देते तसा. वाडीतल्या दोन म्हाताऱ्या येता-जाता पाया पडायला लागल्या होत्या, आणि नाही म्हणायला बाळाबाईंना तो हात हलवताही येत नव्हता.

"आत्या, पोहं खावा गरम गरम," उजवीकडून सुलक्षणा म्हणाली. ही थोरली सून, हनुमंताची बायको.

"पोह्यांनी पित्त व्हतं त्यास्नी. आत्या, शिरा घ्या," डावीकडून रत्ना म्हणाली. ही धाकटी, धनाजीची.

एरवी या दोघी सासूला चहा विचारायच्या तेव्हा कप आधी स्वतःला भरून घ्यायच्या. आज दोघींच्या हातांत चमचे होते. बाळाबाईंनी एक घास पोह्यांचा घेतला, एक शिऱ्याचा घेतला, पुन्हा एक पोह्यांचा. चौथ्या घासाला कुणाकडे तोंड वळवावं याचा विचार करता करता त्यांची भूक मेली.

सगळा घोळ आनंदराव करून गेले होते. बाळाबाईंचे मालक. हुशार माणूस. दोन मुलगे झाल्यावर त्यांनी एक एका पक्षात घातला आणि एक दुसऱ्या. सरकार कुणाचंही येवो, रस्ता आपल्या दारावरून जाईल. रस्ता खरंच दारावरून गेला. दोनदा गेला, कारण प्रत्येक पक्षानं एकेकदा केला. पण दोघंही मुलगे एकाच वेळी दोन वेगळ्या गणांतून निवडून येतील आणि दोघांनाही सभापती व्हावंसं वाटेल, हे आनंदरावांच्या ध्यानात आलं नाही. त्यात तिसरा गण महिलांसाठी राखीव निघाला. दोघांनी मिळून आईला अपक्ष उभं केलं, कपबशी चिन्हावर. दोघांनाही वाटलं, आई काय, आपलीच.

समितीत सदस्य सहा. हनुमंताच्या बाजूला तो स्वतः आणि हायवेच्या वस्तीवरच्या रुकसानाबाई. धनाजीच्या बाजूला तो स्वतः आणि गोरख. पाचव्या हौसाबाई; त्यांना दोन्हीकडून उपसभापतिपद कबूल झालं होतं, त्यामुळे त्या तटस्थ होत्या आणि प्रसन्न होत्या. सहाव्या बाळाबाई.

सभापतीला काय मिळतं? एक केबिन, एक गाडी, गाडीला ड्रायव्हर. शेळ्या कुणाला, शिलाई मशीन कुणाला, फवारणी पंप कुणाला, त्या यादीखाली सही. आणि खुर्चीच्या पाठीवर टॉवेल. बाकीच्या सदस्यांच्या खुर्च्यांना टॉवेल नसतो. तालुका एवढ्या एका टॉवेलावर चालतो.

दुसरीकडे असा पेच पडला की सदस्यांना उचलून थंड हवेच्या ठिकाणी सहलीला नेतात, मोबाईल काढून घेतात आणि मतदानाच्या दिवशी थेट सभेत आणून सोडतात. इथं सहापैकी तीन सदस्य एकाच घरात राहत होते, म्हणून सहल घरातच निघाली. हनुमंत पुढच्या दाराशी खाट टाकून बसला, धनाजी मागच्या. आईला कुणी पळवू नये हा दोघांचा उद्देश. बाळाबाई गोठ्यात म्हशीकडे निघाल्या की दोघंही उठायचे आणि दोन पावलं मागं ठेवून चालायचे. म्हैसही आताशा बुजायला लागली होती.

पण बाळाबाईंना धास्ती होती ती याची नव्हे. धास्ती होती ती दोन खोक्यांची.

एक खोकं हनुमंताच्या खोलीतल्या पलंगाखाली होतं, वर घोंगडी टाकलेलं. दुसरं धनाजीच्या कपाटामागे. दोन्हींत नवी कोरी गॅसची शेगडी. बाळाबाईंनी डाव्या हातानं झाडलोट करताना दोन्ही पाहिली होती आणि दोन्ही पाहिली नाहीत असं केलं होतं. या घरात एकच ओटा, एकच शेगडी. आनंदराव गेले तरी पंगत एकच राहिली. आज जो हरेल तो खोकं फोडेल, वेगळा स्वयंपाक मांडेल, आणि मग भिंत, मग दुसरं दार, मग सणाला एकमेकांकडे पाहुण्यासारखं जायचं.

त्यावर त्यांनी उपाय काढला होता आणि तो कुणालाच सांगितला नव्हता. हात वरच करायचा नाही. कुणासाठीच नाही. मग दोन विरुद्ध दोन होतात, आणि समसमान झालं की चिठ्ठी टाकतात. चिठ्ठी देवाची. देवाचा राग येऊन कुणी वेगळी शेगडी मांडत नाही.

"आये," पुढच्या दारातून हनुमंत आत आला आणि पायाशी उकिडवा बसला. "म्या काय म्हणतो, तू मनावर ताण घेऊ नगंस. थोरल्याचा मान असतोय एवढंच ध्यानात ठेव."

"ताण कुणी दिला?" मागच्या दारातून धनाजी. "आये, धाकट्याला कायम दादाचं जुनं कापडच आलं. वह्याबी जुन्या. सायकलबी जुनी. एकदा तरी नवी वस्तू मिळू दे."

"सभापतीची खुर्ची काय नवी हाय व्हय रं? टॉवेल बघ जाऊन, किती जणांच्या पाठी पुसून झाल्यात!"

"मग सोड की ती खुर्ची मला."

"गप बसा दोघं," बाळाबाई म्हणाल्या. "मला शिरा गिळू द्या."

इतक्यात अंगणात खाकरल्याचा आवाज आला. गेनूभाऊ आले. आनंदरावांचे थोरले भाऊ. समितीच्याच ऑफिसात शिपाई म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, त्यामुळे सरकारी बोलीत बोलणारे. बाळाबाईंचे थोरले दीर. खाकरणं कानावर पडताच बाळाबाईंचा डावा हात पदराला गेला आणि पदर डोक्यावरून कपाळापर्यंत आला. उजवा होता तेव्हा हे काम उजवा करायचा. तो वर बांधल्यापासून डाव्यानं ते आपोआप अंगावर घेतलं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून बाळाबाईंनी थोरल्या दिराला तोंड दाखवलं नव्हतं आणि त्यांच्यासमोर तोंडातून शब्दही काढला नव्हता. काही सांगायचंच झालं तर मध्ये कुणीतरी लागायचं.

"सभा दुपारी विहित वेळेत सुरू हुईल," गेनूभाऊ उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "उशीर झालेल्या सदस्याला आत घेत न्हाईत. मार्गस्थ व्हावं."

बाळाबाईंनी मान हलवली. गेनूभाऊ गेले. पदर मागं सरकला.

सुलक्षणा या सगळ्याकडे चमचा हातात धरून बघत होती. काही वेळ तो चमचा तसाच अधांतरी राहिला.

कुणाच्या गाडीतून जायचं यावर बराच खल झाला. हनुमंताच्या गाडीत बसलं तर धनाजी हरल्यासारखा, धनाजीच्या बसलं तर हनुमंत. शेवटी पप्पूचं वडाप ठरलं. पप्पूची जीप कुठल्याही पक्षाची नव्हती; तिला ब्रेकसुद्धा कुठल्या एका बाजूचे नव्हते. पुढं हनुमंताची गाडी, मागं धनाजीची, मध्ये वडाप. मधल्या सीटवर बाळाबाई आणि दोन्ही बाजूंना दोन सुना, पोलीस बसतात तशा. पण हाताचा सांगाडा सीटवर मावेना, म्हणून बाळाबाईंना शेवटी खिडकीशी बसवलं आणि हात खिडकीबाहेर राहिला.

"मावशी, हात आत घ्या, झाडाला लागंल," पप्पू म्हणाला.

"आत येत असता तर घेतला नसता का बाबा?"

रस्त्यानं जाणारे येणारे बाळाबाईंना हात करायला लागले. निवडून आल्यावरसुद्धा बाई सगळ्यांची विचारपूस करते, असं त्यांना वाटलं. नसरापूरच्या अलीकडे तर समोरून येणारी एसटी कचकन थांबली. कंडक्टरनं दार उघडून "कुठं जायचंय?" विचारलं. पप्पूनं त्याला समजावून सांगेपर्यंत मागं सहा-सात गाड्या लागल्या आणि एका टेम्पोवाल्यानं बाळाबाईंच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. त्यात दोन्ही पक्ष आले.

"पण मला एक समजंना," गाडी सुटल्यावर पप्पू म्हणाला. "आमच्या दाजीचाबी खांदा असाच मोडल्ता. त्येचा हात डाक्टरनं गळ्यात बांधला, खाली. मावशींचाच का वर?"

रत्ना खिडकीबाहेर बघायला लागली. तिच्या बाजूला खिडकी नव्हती.

"व्हय गं रत्ना," सुलक्षणा गोड आवाजात म्हणाली. "दवाखान्यात तूच गेल्तीस न्हवं संगं?"

"डाक्टर म्हणलं, दोन्ही चालतंय. वर बांधला तर हाड नीट बसंल, खाली बांधला तर झोप नीट लागंल. कसा बांधू? म्या म्हणलं, बांधा वर."

"आत्यांच्या झोपंपेक्षा तुला हाडाची काळजी."

"मग? सासू हाय माझी."

"आन् सभेत नावं वर्णक्रमानं पुकारत्यात, आधी धनाजी मग हनुमंत, हे तुला ठावंच नसंल."

"ताई, तुमी लई लांबचं बघता."

बाळाबाईंनी मनात हिशेब केला. धनाजीचं नाव पहिलं. नाव पुकारतील, हात मोजतील, आणि आपला हात तर रात्रंदिवस वरच. आपण बोललो काय न बोललो काय, धाकट्याला मत गेलंच. त्यांना रत्नाचा राग यायला हवा होता, पण त्याआधी आठवलं की त्या दिवशी दवाखान्यात रत्ना रात्रभर पायाशी बसून होती. त्या बसण्यात माया किती आणि मत किती, हे आता कसं शोधायचं?

सुलक्षणा मात्र शांत होती. तिनं मोबाईल काढला आणि गेनूभाऊंना फोन लावला. "मामंजी? तुमीबी या म्हणते तालुक्याला. आत्यांच्या औषधाची वेळ सभेतच येतीया. पाण्याची बाटली घेऊन या. तुमाला काय, दारावरचं समदं तुमच्याच वळखीचं. व्हय. म्या खूण केली की आत जावा."

किती काळजी करते थोरली, बाळाबाईंना वाटलं. त्यांना त्या वेळी तसंच वाटलं, हे लिहून ठेवायला हवं.

सभागृहात लांब टेबल होतं, भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी होत्या आणि पंखा होता. पंखा फक्त पीठासीन अधिकाऱ्यांवर फिरत होता. अधिकारी तरुण होते, नव्यानं बदलून आलेले. त्यांनी उमेदवारी अर्ज तपासले, माघार घ्यायची वेळ देऊन वाट बघितली. त्या वेळात हनुमंतानं धनाजीकडे बघितलं आणि धनाजीनं हनुमंताकडे. दोघांनीही एकमेकांना डोळ्यांनी विचारलं, घेतोस का माघार? दोघांनीही डोळ्यांनीच नाही म्हटलं. लहानपणी कुस्तीच्या आखाड्यात दोघं असंच बघायचे, बाळाबाईंना आठवलं. तेव्हा मध्ये पडून दोघांना एकेक धपाटा घालता यायचा.

"मतदान हात वर करून होईल," अधिकारी म्हणाले. "पहिले उमेदवार, धनाजी आनंदराव. त्यांच्या बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करावेत."

धनाजीनं हात वर केला. गोरखनं केला. बाळाबाईंचा होताच.

"तीन," गोरखच म्हणाला, मोठ्यानं.

"ओ साहेब!" हनुमंत उठला. "तो हात सकाळधरनं वर हाय! मग काय आयेनं पोह्यांनाबी मत दिलं व्हय?"

"नियमात हात वर असं म्हटलंय," गोरख म्हणाला. "कशानं वर हे इचारायची तरतूद न्हाई."

"वाटंत एसटीला दाखवला तवा ती थांबली! एसटीचंबी मत धरा मग!"

"सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं." अधिकाऱ्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं. मग पुस्तक मिटून त्यांनी थेट हाताकडेच पाहिलं. "आजी, हा हात मत म्हणून वर आहे का?"

"न्हाई साहेब," बाळाबाई म्हणाल्या. "फ्रॅक्चर म्हणून हाय."

रत्ना बाहेरच्या बाकावर होती, पण तिचा सुस्कारा आत ऐकू आला.

अधिकाऱ्यांनी बाजूच्या कारकुनाला सांगितलं, "इतिवृत्तात घ्या. सदस्या हजर. उजवा हात वैद्यकीय कारणास्तव मतदानातून वगळला. सदस्येनं मत द्यायचं असल्यास डावा हात वापरावा." मग बाळाबाईंकडे बघून म्हणाले, "चालेल ना आजी?"

बाळाबाईंनी मान हलवली. त्यांना हायसं वाटलं. त्यांनी डावा हात मांडीखाली घातला आणि वर नीट बसून घेतलं. एवढा बंदोबस्त दोन्ही मुलांनीही दारांवर केला नव्हता.

"धनाजी आनंदराव, पुन्हा एकदा."

दोन हात वर गेले. धनाजी आईकडे बघत होता. चेहरा तोच होता, सायकल जुनी मिळाली त्या दिवशीचा. बाळाबाईंचा हात मांडीखालून निघू बघायला लागला. त्यांनी आणखी भार टाकला. डोळे टेबलावर खिळवले. टेबलावर कुणीतरी पेनानं एका फुलाचं चित्र काढून ठेवलं होतं. त्याच्या पाकळ्या त्या मोजत राहिल्या.

"दोन," अधिकारी म्हणाले. "नोंद घ्या. आता दुसरे उमेदवार, हनुमंत आनंदराव."

हनुमंतानं हात वर केला. रुकसानाबाईंनी केला. हौसाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि सगळ्यांकडे बघून हसल्या. दोन विरुद्ध दोन. आता चिठ्ठी. बाळाबाईंनी मनातल्या मनात देवाला सांगून टाकलं, आता तुझं तू बघ. पंख्याचा झोत कसा कुणास ठाऊक फिरून त्यांच्याकडे आला आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला. त्यांनी लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं.

दारावरच्या शिपायानं "या गेनूभाऊ, या की" म्हणून दार पुरतं उघडलं होतं. उंबऱ्यात गेनूभाऊ उभे होते, हातात पाण्याची बाटली. त्यांच्या मागं, व्हरांड्यात, सुलक्षणा.

पुढं जे झालं ते बाळाबाईंनी केलं नाही. डाव्या हातानं केलं. तो मांडीखालून सुटला, वर गेला, पदराचा काठ धरला आणि डोक्यावर ओढून कपाळाशी थांबला. पदर लांब नव्हता, म्हणून हात तिथंच धरून ठेवावा लागला. डोक्याच्या वर. एक हात सांगाड्यावर, एक कपाळावर.

"तीन?" अधिकारी म्हणाले.

"साहेब, तो पदर हाय!" धनाजी ओरडला. "पदर! आमचं चुलतं आल्यात दारात!"

"पहिल्या वेळी तुमीच म्हणला की, कशानं वर हे इचारायची तरतूद न्हाई," हनुमंत म्हणाला. गोरख काहीतरी बोलायला गेला आणि त्याला आठवलं की ते वाक्य त्याचंच होतं.

"थांबा," अधिकारी म्हणाले. "मघाशी विचारलं तसं आताही विचारू. आजी, हा हात मत म्हणून वर आहे का? नसेल तर नाही म्हणा. एवढंच बोला."

सगळ्यांनी त्या हाताकडे माना वळवल्या. बाळाबाईंचं तोंड पदराआड उघडलं. 'न्हाई' हा शब्द तिथंच होता, जिभेवर. पण दारात थोरले दीर उभे होते. आजवर ज्यांच्यासमोर खोकलासुद्धा दाबला, त्यांच्यासमोर, भरल्या सभेत, परपुरुषांत, शब्द काढायचा कसा? त्यांनी मध्ये कुणीतरी शोधलं, सांगायला. डावीकडे एक मुलगा होता, उजवीकडे एक. यातल्या कुणाच्या तोंडून सांगायचं?

त्यांनी मान हलवली. पण पदर एवढा पुढं होता की मान हलली ती आडवी की उभी, हे अधिकाऱ्यांना कळलं नाही.

"आजी?"

गेनूभाऊंना वाटलं, आपल्याला उद्देशून काही चाललंय. ते आणखी एक पाऊल आत आले. "पाणी आणलंया," ते म्हणाले. हात आणखी वर गेला.

अधिकाऱ्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग कारकुनाला म्हणाले, "सदस्येनं हरकत घेतली नाही. तीन विरुद्ध दोन."

पुढचं वाक्य सुरुवातीलाच विसरायला सांगितलेलं आहे.

परतताना पुन्हा पप्पूचंच वडाप होतं. पुढं हनुमंताच्या गाडीवर गुलाल होता. मागं धनाजीची गाडी नव्हती. ती आधीच निघून गेली होती. सुलक्षणा शेजारी बसली होती. रत्ना आपल्या नवऱ्याबरोबर गेली होती, त्यामुळे पलीकडची जागा मोकळी होती आणि तिकडून वारा लागत होता.

"सुलक्षणे," बरंच अंतर गेल्यावर बाळाबाई म्हणाल्या. "मला सभेत कुठलं औषध घ्यायचं व्हतं गं?"

सुलक्षणा रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रत्नानं बांधला तो हात चालतो तुमाला आत्या. माझ्या पाण्याच्या बाटलीचं तेवढं टोचतंय."

बाळाबाईंनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. दोन्ही हात दोन्ही सुनांनी वर केले, त्यांचा स्वतःचा एकही नव्हता.

घरी पोचल्या तेव्हा ऊन उतरत होतं. अंगणात हनुमंताची माणसं पेढे वाटत होती. आतून एक आवाज आला, खोक्याची चिकटपट्टी ओरबाडून काढल्याचा. लांबलचक, कापड फाटल्यासारखा. धनाजीच्या खोलीतून. बाळाबाई जिथं होत्या तिथंच थांबल्या. आणि मग तसाच आवाज दुसऱ्या बाजूनं आला, हनुमंताच्या खोलीतून.

"दादा जिंकला की!" धनाजी खोलीतूनच ओरडला. "त्येला कशाला शेगडी?"

"सभापतीकडं येणारं-जाणारं वाढणार," हनुमंत आपल्या खोलीच्या दारात येऊन पेढ्याचा हात झटकत म्हणाला. "एका शेगडीवर कसा च्या व्हायचा?"

बाळाबाई घरात गेल्या नाहीत. त्या गोठ्याकडे वळल्या आणि म्हशीपाशी दगडावर बसल्या. आज मागं दोन पावलांवर कुणी आलं नाही.

गोठ्याच्या काटक्यांच्या कुडापलीकडं खाकरल्याचा आवाज झाला. डावा हात पदराला गेला. मग बाळाबाईंच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तो अर्ध्यावरच थांबला. कूड होता ना मध्ये. त्यांनी हात खाली घेतला.

"पाणी द्या म्हणली म्हणून गेलो," कुडापलीकडून गेनूभाऊ म्हणाले. त्यांनी कुणाला उद्देशून म्हटलं ते कळलं नाही. "आदेश आला की जायाचं, ही सवय."

बाळाबाईंनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "सांग बाई त्यास्नी," त्या म्हशीला म्हणाल्या, "झालं ते झालं. पर अर्ज ल्ह्यायचाय म्हणावं एक. साहेबास्नी. सरकारी भाषेत."

कुडापलीकडं गेनूभाऊंनी मांडी ठोकली. मग खिशातून पेन निघाल्याचा आवाज आला, पेढ्यांचा पुठ्ठ्याचा डबा फाडून सरळ केल्याचा आवाज आला.

"विषय काय घालायचा, इचार तिला," गेनूभाऊ म्हशीला म्हणाले.

"हाताचा घाला म्हणावं. डाव्या."

बाळाबाई सांगत गेल्या, म्हैस रवंथ करत गेली आणि गेनूभाऊ लिहीत गेले. एके ठिकाणी ते थांबले. "पंगत हा विषय पीठासीन अधिकाऱ्याच्या अखत्यारीत येत न्हाई," ते म्हणाले. "अर्ज फेटाळला जाईल."

"ल्ह्या म्हणावं," बाळाबाई म्हणाल्या.

गेनूभाऊंनी लिहिलं.

*मा. पीठासीन अधिकारी साहेब यांचे सेवेशी.*

*विषय : डावा हात खाली असल्याचे समजणेबाबत.*

*महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करते की, आजच्या विशेष सभेत माझा डावा हात वर गेला, तो थोरले दीर दारात आल्यामुळे पदरासाठी गेला, मतासाठी नव्हे. त्या वेळी मला बोलता आले नाही, कारण ते उभे होते. आता ते कुडापलीकडे असल्यामुळे बोलत आहे. सबब सदर हात सभा संपेपर्यंत मांडीखालीच होता असे समजण्यात यावे. तसेच घरातील दोन्ही शेगड्या खोक्यांत परत ठेवून, खोक्यांच्या पट्ट्या पूर्ववत चिकटवून, माझे दोन्ही मुलगे आज दिवेलागणीला एकाच पंगतीस शेजारी शेजारी जेवावयास बसतील, असे लेखी आदेश संबंधितांस तात्काळ व्हावेत. वाढण्यास अर्जदार हजर राहील. डावा हात मोकळा आहे. ही विनंती.*